लेखणीपासून कळफलकापर्यंत
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



सातारा-सांगलीकडील आपली पुष्कळ मंडळी कचेऱ्यांतून कारकुनी करीत आली. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना झाली, तिचा एम.एस.-सी.आय.टी. अभ्यासक्रम आला आणि शासकीय सेवकांस संगणकाची परीक्षा आवश्यक ठरली. मुदतीत उत्तीर्ण न होणाऱ्यांची वेतनवाढ अडली. तेव्हा आम्हीही वर्गात बसलो. शिकविणारी मुलगी आमच्या विद्यार्थिनींच्या वयाची. प्रश्नोत्तरे घोकून आम्ही उत्तीर्ण झालो. परंतु शाळेचे साधे पत्र काही लिहिता येईना, आणि विचारण्याची लाज वाटे.

अखेर लाज सोडून आम्ही त्याच मुलीकडे गेलो. तिने इन्स्क्रिप्ट कळफलक समजाविला. स्वर डाव्या हातास, बहुतेक व्यंजने उजव्या हातास. ज्या कळीवर क, तीच शिफ्टसह दाबली की ख. ग-घ, च-छ, त-थ यांचेही तसेच. अहो, ही तर आपलीच वर्णमाला! जन्मभर मुलांना शिकविली, तीच आम्हांस नव्याने भेटली. त्या आठवड्यात पहिले पत्र आमच्या हातून उतरले.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली, ती स्वावलंबनाच्या पायावर. आज बँकेचा परवलीचा शब्द दुसऱ्याच्या हाती देऊन काम उरकणे, हे न वाचता अंगठा उठविण्यासारखेच नव्हे काय? म्हणून तरुणांना आमची विनंती एवढीच : घरातील एका वडीलधाऱ्यापाशी रोज अर्धा तास बसा, कळ त्यांनाच दाबू द्या, आणि चुकले तर हसू नका.