पाया आणि कळस : हे बोल कोणाचे?

(कलशारोहणाच्या दिवशी झालेले भाषण)



देवळावर कळस चढला की महाराष्ट्रात कोणत्याही गावी एक वचन हटकून कानी पडते. वारकरी पंथाच्या मंदिराचा पाया ज्ञानदेवांनी घातला व तुकोबा त्याचा कळस झाले, असा त्याचा अर्थ. ते आपणा सर्वांना पाठ आहे. मात्र ते तुकाराम महाराजांचे आहे असे जे पुष्कळ जण समजतात, ते बरोबर नाही. देवापाशी लहानपण मागणारे तुकोबा स्वतःलाच कळस कसे म्हणवून घेतील?

मग हा समज झाला कसा? अभंगाच्या शेवटी कवी आपले नाव घालतो, त्याला नाममुद्रा म्हणतात. राष्ट्रसंतांच्या भजनात शेवटी 'तुकड्या' आले की भजन कोणाचे ते आपल्याकडे लहान मुलालाही कळते. या वचनात 'तुका' हे नाव येते, आणि ऐकणाऱ्याला तीच मुद्रा वाटते. पण अभंग तेथे संपत नाही. त्यापुढे आणखी एक चरण आहे आणि खरी मुद्रा त्यात आहे. ती आहे बहिणाबाईंची.

या बहिणाबाई खानदेशातल्या नव्हेत. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी १९५१ साली वारल्या. त्यांच्या ओव्या मुलांच्या शाळेच्या पुस्तकांत असतात. मी सांगतो त्या संत बहिणाबाई त्यांच्या अडीचशे वर्षे आधीच्या. जन्म १६२८ च्या सुमाराचा, वेरूळच्या बाजूला असलेल्या देवगावचा. लहान वयात बिजवराशी लग्न लागले. भाऊबंदकीच्या तंट्यापायी कुटुंबाला गाव सोडावे लागले व फिरत फिरत सारी मंडळी कोल्हापूरला आली. तेथे जयरामस्वामींच्या कीर्तनातून तुकोबांचे अभंग कानी पडले, आणि पुढे स्वप्नात तुकोबांनी उपदेश दिला. ब्राह्मणाच्या बायकोने कुणब्याला गुरू करावे, हे नवऱ्याला सोसले नाही. त्याने मारहाण केली. हे सारे बाईंनी स्वतःच आपल्या आत्मनिवेदनाच्या अभंगांत सांगून ठेवले आहे. पुढे नवरा निवळला, दोघे देहूला गेले, तेथेही मंबाजीचा जाच झालाच. शेवटचा काळ वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला गेला आणि तेथेच १७०० साली त्यांनी देह ठेवला.

तुकोबांना कळस म्हणणारी बाई अशी होती. मार खाऊन जिने हा गुरू सोडला नाही, तिचे ते बोल आहेत. हे ठाऊक झाल्यावर ते निराळेच ऐकू येतात, निदान मला तरी.

दुसरी गोष्ट. आपण म्हणतो ते वचन सलग नाही. आपण पायाचा चरण घेतो, मधले गाळतो आणि एकदम कळसावर चढतो! आज ज्या गवंड्यांचा आपण सत्कार केला त्यांना विचारा, असे देऊळ उभे राहते का? बहिणाबाईंनी मधले काम नीट सांगितले आहे. नामदेवांनी विस्तार केला, एकनाथांनी भागवताचा खांब दिला. विस्तार म्हणजे किती, तर नामदेव पंजाबपर्यंत गेले आणि शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात त्यांची ६१ पदे आहेत. नाथांनी १५७३ साली काशीस भागवतावरची टीका पुरी केली, तोच हा खांब. शिवाय १२९० सालची ज्ञानेश्वरी नकलाकारांच्या हातून पाठभेदांनी भरली होती. ती नाथांनी १५८४ साली शुद्ध केली. तो ग्रंथाचा जीर्णोद्धारच म्हणावयाचा. जुने मोडले नाही, आपले घुसडले नाही, फक्त चढलेली पुटे काढली.

आणि स्वतःसाठी बाईंनी काय ठेवले? कळसावर फडकणारी ध्वजा. नेमका हाच चरण लोकांच्या तोंडून गळाला, आणि त्याबरोबर त्यांचे नावही गळाले.

समितीकडून असे कळले की हे वचन सभामंडपाच्या भिंतीवर रंगवून घ्यावयाचे आहे व खाली 'संत तुकाराम' असे घालावयाचा बेत आहे. पेंटर उद्या येणार आहे, म्हणून आजच बोलतो. आपण या पुस्तिकेत अकरा रुपये देणाऱ्याचेही नाव छापतो. एखाद्याचे नाव चुकले तर दुसऱ्या दिवशी घरी भांडण येते, आणि ते योग्यच आहे. तर भिंतीवर पूर्ण अभंग लिहावा आणि खाली 'संत बहिणाबाई, शिऊर' असे घालावे, ही माझी विनंती. नागपूर शहर आता आपल्या वेशीला येऊन भिडले आहे. नव्या वस्तीतली मुले येथे येतील, भिंतीवर जे वाचतील तेच पुढे सांगतील. अक्षरे वाढतील, रंग थोडा जास्त लागेल. तो खर्च माझ्या नावावर लिहावा.

बुवा टाळ घेऊन केव्हाचे थांबले आहेत. हाच अभंग त्यांनी आधी पुरा घ्यावा, शेवटच्या चरणासकट.