नाटक गावात कोण आणतं?

१८९० साली बर्लिनमध्ये कामगारांसाठी 'फ्राये फोल्क्सब्यूने' ही नाट्यसंस्था निघाली. तिकीट एकाच दराचं, खुर्ची चिठ्ठी टाकून. पैसा फेकून पुढची रांग मिळायची नाही!

आज जर्मनीत 'लांडेसब्यूने' आहेत. सरकारी पैशावरच्या फिरत्या नाटक कंपन्या. बिऱ्हाड एका शहरात, प्रयोग मात्र स्वतःची नटमंडळी नसलेल्या गावोगावी. विल्हेल्म्सहाफेनची कंपनी पार नॉर्डरनाय बेटावर जाते, म्हंजे सगळं नेपथ्य बोटीवर चढवायचं. हे उपकार नव्हेत, लोकांच्याच कराचा पैसा आहे.

पण मेख इथंच. प्रयोगाचे पैसे बहुतेक वेळा त्या गावानंच मोजायचे. नगरपालिकेची तिजोरी आटली की नाटक रद्द. म्हणून कंपनी किती गावं फिरली, एवढंच विचारू नका. कुठल्या गावचा प्रयोग गळला, तेही विचारा.