मोकळा झालेला रस्ता कोणाचा?

(मंडणगड येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडणगडचा माणूस मुंबईला पोटासाठी जातो आणि पुण्याला कामासाठी : कधी दवाखाना, कधी मुलाचा कॉलेजप्रवेश, कधी घरच्या लग्नाचा बस्ता. बस्ता म्हटला की लक्ष्मी रस्ता आलाच. एरवी तेथे त्याची अवस्था केविलवाणी असते. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मुलाचा हात, आणि उभ्या दुचाक्या व धावत्या रिक्षा यांच्यामधल्या फटीतून दुकान गाठायचे. मात्र ११ डिसेंबरला तो तेथे पोचला, तर त्याला रस्ता ओळखू येणार नाही. पुणे महानगरपालिकेने २०२१ साली या तारखेला पादचारी दिन सुरू केला आणि गरुड गणपती चौकाकडचा लक्ष्मी रस्त्याचा भाग त्या दिवसापुरता वाहनांना बंद केला. म्हातारी माणसे मधोमध चालू लागली, मुले डांबरावर खेळू लागली. (पुणेकरांना हे अगदीच नवे होते असे नाही. अनंत चतुर्दशीला हाच रस्ता रात्रंदिवस पायी माणसांचा असतो, आणि त्यासाठी कोणाला धोरण आखावे लागलेले नाही.)

अशा प्रयोगाला पहिली हरकत दुकानदाराची असते : गाडी थांबली नाही तर गिऱ्हाईक थांबणार नाही. कोपनहेगनच्या व्यापाऱ्यांनी १९६२ साली हेच म्हटले होते. तेथला स्ट्रॉयेट हा मुख्य बाजाररस्ता वाहनांना बंद झाला आणि गिऱ्हाईक घटण्याऐवजी वाढले. ही हरकत अनुभवाने निकालात निघालेली आहे. तिच्यावर अधिक वेळ घालविण्याचे कारण नाही.

खरा प्रश्न त्यापुढचा आहे. वाहने हटल्यावर जी जागा मोकळी होते ती सार्वजनिक संपत्ती आहे. तिची वाटणी कशी व्हावी, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे, नगरसौंदर्याचा नव्हे. साधा हिशेब पाहा. एक मोटार उभी करण्यास सुमारे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. शहराच्या सर्वांत महाग भागात ही जागा मोटारवाल्यास फुकट किंवा नाममात्र दरात मिळत आली, आणि तिला कोणी अनुदान म्हटले नाही. उलट मुंबईच्या फेरीवाल्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा १९८५ च्या निकालात फेरीवाल्यासाठी चर्चिलेली जागा होती एक मीटर लांब, एक मीटर रुंद. एका मोटारीच्या जागेत बारा कुटुंबांचा चरितार्थ मावतो. तरीही ‘अतिक्रमण’ हा शब्द आपल्याकडे राखीव आहे तो फेरीवाल्यासाठी.

म्हणून वाहनमुक्त रस्त्याचे कौतुक करताना तेथे कोण दिसते याइतकेच कोण दिसत नाही हेही पाहिले पाहिजे. फरसबंदी झाली, बाके आली, आणि पाटीवाली बाई मात्र सौंदर्याला बाधा म्हणून उठविली गेली, तर तो रस्ता पादचाऱ्यांचा झाला असे म्हणता येत नाही. तो फक्त मोठ्या दुकानांचे अंगण झाला. लक्ष्मी रस्त्यालगतची तुळशीबाग कोणत्याही ठरावाने पादचारी झालेली नाही. तेथे गल्ल्याच अशा की मोटार शिरत नाही, आणि दुकानाइतकाच धंदा बाहेर मांडलेल्या मालाचा चालतो. सामान्य घरातील स्त्री तेथे न संकोचता भाव करते, काही न घेताही परत फिरते. बाजारात काही न घेता हिंडण्याची मुभा असणे, ही गरिबाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

दुसरे उदाहरण माथेरानचे. मोटारींना बंदी असलेले, लाल मातीच्या रस्त्यांचे ते गाव पर्यटकाला फार रमणीय वाटते. परंतु तेथे मोटार नाही म्हणून ओझे नाहीसे झाले नव्हते. ते माणसाच्या खांद्यावर आले होते. हातरिक्षा ओढणाऱ्याच्या घामावर ती शांतता उभी होती. ही प्रथा सहा महिन्यांत बंद करावी असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला, आणि ई-रिक्षांची वाट सांगितली. स्वातंत्र्यानंतर अठ्ठ्याहत्तर वर्षांनी!

आता मंडणगड. येथे पादचारी दिन साजरा करण्याची गरज नाही, खेड्यातून एस.टी.ने आलेला माणूस बाजारात पायीच फिरतो. परंतु गावाला नगरपंचायत झाली आहे, आणि आज ना उद्या बाजारपेठेच्या सुशोभीकरणाचा आराखडा येईल. तो येण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी पथविक्रेत्यांविषयीचा २०१४ चा कायदा वाचलेला असावा. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावेत, आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे तो कायदा सांगतो. ज्यांना हे ठाऊक नसते त्यांच्या नावाने ठराव इतरच करतात. वेळास-बाणकोटकडून मासळी घेऊन येणारी बाई पाटी कोठे उतरविते, उन्हापावसात कशाच्या आडोशाला बसते, स्थानकापासून तिला किती चालावे लागते, हे नकाशावर रेघ पडण्याआधी तिलाच विचारून लिहून काढावे. या कामाला एक बाजारचा दिवस आणि एक वही पुरे.