शब्द पुस्तकात, चाल गळ्यात

नाताळ जवळ आला की दुकानादुकानांतून ‘जिंगल बेल्स’ ऐकू येऊ लागतं. जेम्स पिअरपाँट यांचं हे गाणं १८५७ साली छापलं गेलं. ते आहे बर्फावरून धावणाऱ्या घोड्याच्या गाडीचं. येशूजन्माचा त्यात उल्लेखही नाही. जन्माची गाणी वेगळी. त्यांचा उगम शोधू गेलं की एक अडचण हमखास येते. शब्द कागदावर उरतात, चाल मात्र गाणाऱ्याबरोबर निघून जाते.

जगभर गायलं जाणारं ‘सायलेंट नाइट’च घ्या. ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावी २४ डिसेंबर १८१८ रोजी ते प्रथम गायलं गेलं, तेही गिटारच्या साथीवर. शब्द योझेफ मोर या धर्मगुरूंचे, चाल फ्रान्झ ग्रूबर या शाळामास्तरांची. फिरत्या गायकांनी गाणं दूरदेशी नेलं आणि चाल कुणाची, हेच लोक विसरले. कुणी हायडनचं नाव घेई, कुणी मोझार्टचं. अखेर १८५४ साली बर्लिनहून विचारणा झाली, तेव्हा ग्रूबर यांनी सारी हकिकत लिहून दिली. मोर यांच्या हातची प्रत उजेडात आली ती थेट १९९५ साली, आणि तिच्यावर चालीचं श्रेय ग्रूबर यांनाच आहे.

मग आपल्या मराठी नाताळगीतांचं काय? ‘नाताळ’ हा शब्द आपल्याकडे आला पोर्तुगीजांकडून. गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल इथे छापलं गेलं. येशूजन्माची कथा त्यांनी मांडली ती ओवीत. पुढे मिशनऱ्यांच्या काळात इंग्रजी गीतांची भाषांतरं परदेशी चालींवर गायली जाऊ लागली. पण मराठीचे ऱ्हस्व-दीर्घ त्या चालींत अवघडून बसत. नगरकडे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट धरली. मग आले रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांना सोडलं नाही. अभंगाच्या, भजनाच्या वळणाची शेकडो गीतं त्यांनी रचली. ‘उपासना संगीत’ या पुस्तकातून ती आजही गायली जातात. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पूर्ण केलं लक्ष्मीबाईंनी. लक्ष्मीबाईंचं माहेर आपल्याच नाशिक जिल्ह्यातलं, जलालपूरचं. आपल्या देवळ्यातल्या एखाद्या भजनकऱ्याने ही गीतं ऐकली, तर त्याचा हात आपसूक टाळांकडे जाईल.

पण अनेक गीतांच्या माथ्यावर चालीची नुसती खूण असते: अमुक गाण्याप्रमाणे. ते अमुक गाणंच विसरलं गेलं की पान मुकं होतं. इंग्रजी गीतांना तबकडीने आणि रेडिओने तारलं. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधली नाताळची उपासना १९१८ साली सुरू झाली आणि १९२८ पासून बीबीसीवरून ऐकू येऊ लागली. बिंग क्रॉस्बी यांच्या १९३५च्या तबकडीने ‘सायलेंट नाइट’ घरोघर पोचवलं. अर्थात, तबकडीतला एकच थाट सर्वांच्या कानात बसतो आणि गावागावांतली निराळी वळणं मागे पडतात, हाही धोका आहेच. म्हणून एकच नव्हे, अनेक आवाज टिपायला हवेत.

हे अशक्य नाही. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतल्या हजारो ओव्या बायकांच्या स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या. शब्दांसोबत चाल राहिली, आणि गाणारीचं नाव-गावही.

आज ध्वनिमुद्रणाचं यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. येत्या नाताळात ओळखीच्या ख्रिस्ती घरी फराळाला गेलात, तर तिथल्या आजी-आजोबांना एक जुनं गीत म्हणायला सांगा. पेटी-तबला नसला तरी चालेल. गीत पूर्ण टिपा. कुणाकडून शिकलात, कोणत्या गावी, हेही त्यांच्याच तोंडून वदवून घ्या. ग्रूबर यांना विचारणारं कुणीतरी होतं, म्हणून चालीचा धनी कळला. आपल्याकडे विचारणारे आपणच व्हायला हवं.