कात्रपचे दोन गुंठे

कल्याणहून कर्जतच्या बाजूला जाणारा लोहमार्ग १८५६ सालीं खोपोलीपर्यंत पोंचला, आणि त्याच्या दोहों बाजूंस उल्हास नदीच्या खोऱ्यांतील भातशेती पुढें शंभर वर्षांहून अधिक काळ नांदत राहिली. बदलापूर स्थानकाच्या पूर्वभागांतील कात्रप हें त्या शेतीचेंच एक गांव. पावसाळ्यांत भात, आणि भात कापल्यावर जमिनींत उरलेल्या ओलीवर वाल, हरभरा किंवा चवळी, असा तेथील वर्षाचा क्रम असे. आज कात्रपमध्यें फिरणाराला खाचराचा बांध शोधावा लागतो. कुळगांव-बदलापूर शहराची लोकसंख्या २०११ च्या शिरगणतींत १,७४,२२६ भरली. त्यापूर्वींच्या दहा वर्षांत ती जवळजवळ पावणेदोन पट झाली होती. एवढीं माणसें कोठें तरी राहावयाचींच, आणि तीं भातखाचरांवर राहूं लागलीं. त्याबद्दल कुरकुर करून उपयोग नाहीं.

तरीहि जमीन अगदींच संपलेली नाहीं. जुन्या घरामागील परसूं, दोन इमारतींच्या मधील पट्टी, वांटणींत आलेला तुकडा, अशा रूपानें एक-दोन गुंठे कित्येकांजवळ अजून आहेत. त्यांचा मालक बहुधा सकाळच्या गाडीनें मुंबईस नोकरीवर जातो, आणि रविवारीं त्या तुकड्याकडे पाहून मनांत म्हणतो, येथें घरापुरती भाजी कां होऊं नये? प्रश्न साधा आहे. त्याचें उत्तर मात्र बियाण्याच्या पाकिटावर सांपडत नाहीं. तें पाण्याच्या हिशेबांत आहे.

तो हिशेब पाटीवर मांडावा. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद जागा, म्हणजे सुमारें १०१ चौरस मीटर. वर्षाचा पाऊस अडीच हजार मिलिमीटर धरला, तर एका गुंठ्यावर अडीच लक्ष लिटर पाणी पडतें. उलट पावसाळा सरल्यापासून पुन्हां मृग लागेपर्यंतच्या आठ महिन्यांत रोज चार-पांच मिलिमीटर पाणी लागतें असें मानलें, तर त्याच गुंठ्याची गरज एक ते सव्वा लक्ष लिटरांत भागते. म्हणजे गरजेच्या दुप्पट पाणी आकाशांतून येतें, आणि तरीहि फेब्रुवारींत वाफा कोरडा पडतो. कारण तें सर्व चार महिन्यांत येतें आणि उतारास लागून नदीला मिळतें. कात्रपच्या बागवानाचें सारें कौशल्य या एका विषम वांटणीशीं झुंजण्यांत खर्चीं पडतें. जून ते सप्टेंबर पाणी घालवावयाचें, ऑक्टोबर ते मे तें जपावयाचें. ज्याला पहिलें काम साधत नाहीं त्याचीं रोपें कुजतात, ज्याला दुसरें साधत नाहीं त्याचीं वाळतात. लागवड दोघांनींहि सारखीच केलेली असते. वसईच्या वाडींतील माणसाची रेताड माती पाणी चटकन्‌ खालीं सोडते, आणि विहीर त्याच्या हाताशीं असते. त्याचें पाहून कात्रपमध्यें बाग लावणाराची म्हणूनच फसगत होते.

भाताची जमीन पिढ्यान्‌पिढ्या चिखलणी करून तयार झालेली असते. चिखलणीनें वरच्या मातीखालीं एक घट्ट थर बसतो, आणि पाणी खालीं मुरूं न देणें हेंच त्या थराचें काम होय. भाताला तें मानवतें. मिरची, वांगें, भेंडी यांना तें मरण. त्यांचीं मुळें दोन-तीन दिवस पाण्यांत बुडून राहिलीं कीं हवेवांचून गुदमरतात, आणि चमत्कार असा कीं पानें तहानलेल्या झाडासारखींच मलूल दिसतात. नवशिका तें पाहून खत घालतो. खरा उपाय मे महिन्यांतच करावयाचा असतो: पहारेनें किंवा कुदळीनें तो थर फोडावा, आणि लागवड सपाट जमिनींत न करितां गादीवाफ्यावर करावी. वाफ्याची रुंदी एक मीटर, लांबी तीन मीटर, उंची निदान पंधरा सेंटिमीटर. वीतभर असेल तर अधिक बरें. वाफ्यांमधील सऱ्या उताराच्या दिशेनें काढून एका चरास मिळवाव्या, आणि तो चर पुढें कोठें जातो हें स्वतः चालत जाऊन पाहावें.

हें चालत जाऊन पाहणें आज फार आवश्यक झालें आहे. पूर्वीं एका खाचराचें पाणी बांधाच्या तोंडांतून खालच्या खाचरांत, तेथून ओहोळांत व ओहोळांतून नदींत जात असे. आतां खालच्या अंगाच्या प्लॉटवर चार-पांच फूट भराव पडला कीं वरच्या दोन गुंठ्यांचें तळें होतें, आणि तेथें पेरलेलें उत्तम बीं बेडकांच्याच उपयोगीं पडतें. भराव टाकणाराशीं पावसाळ्यापूर्वीं बोलून हद्दीलगत चर ठेवून घ्यावा. एकदां भिंत उभी राहिली म्हणजे बोलणें आणि भांडणें दोन्ही सारखींच निष्फळ. या खोऱ्यांत पाणी तुंबलें म्हणजे काय होतें हें २६ जुलै २००५ रोजीं आणि पुन्हां २७ जुलै २०१९ रोजीं सर्वांनीं पाहिलें. दुसऱ्या वेळीं बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरांत अडकली आणि हजाराहून अधिक उतारूंना बाहेर काढावें लागलें. परसांतील पूर त्या मानानें लहान, पण तो दरसालचा.

आतां भाजी किती निघेल तें पाहावें. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनीं प्रयोग परिवाराच्या द्वारें असें मांडलें कीं, नीट जोपासलेली दहा गुंठे जमीन पांच माणसांच्या कुटुंबाच्या निर्वाहास पुरते. दोन गुंठ्यांकडून तेवढी अपेक्षा नको. येथें प्रश्न भाजीपुरताच आहे. आहारशास्त्रज्ञ माणशीं रोज तीनशें ग्रॅम भाजी सांगतात. पांच माणसांना ती दीड किलो, म्हणजे वर्षास साडेपांचशें किलो होते. हेक्टरांत सुमारें नव्याण्णव गुंठे येतात. तेव्हां हेक्टरीं दहा टन म्हणजे गुंठ्यास शंभर किलो, हा हिशेब तोंडीं करण्यास सोपा आहे, आणि भेंडी-दोडक्यासारखें पीक मध्यम हाताच्या माणसासहि तेवढें येतें. दोन गुंठ्यांत वर्षास तीन पिकें घेतलीं तर सहाशें किलो. त्यांतून वाटा, चर व खताचा ढीग यांची जागा वजा केली म्हणजे हिशेब जेमतेम जुळतो. तो कागदावर जुळतो. स्वयंपाकघरांत जुळत नाहीं, कारण भाजी रोज दीड किलो अशी येत नसते. ऑगस्टमध्यें दोडके इतके येतात कीं शेजारी दार लावून घेतात, आणि मे महिन्यांत त्याच घरची गृहिणी कोथिंबिरीच्या जुडीसाठीं बाजारांत जाते.

यास्तव सगळें बीं एका दिवशीं पेरूं नये. मृगाच्या सुमारास अर्धें, पंधरवड्यानें उरलेलें, असें पेरलें तर तोड लांबते. पावसाळ्यांत काकडी, दोडका, पडवळ, कारलें हीं सर्व मांडवावर घ्यावीं. जमिनीवर सोडलेला वेल या पावसांत फळासकट सडतो. दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठानें, १९७२ सालीं स्थापना झाल्यापासून, याच हवेसाठीं कांहीं जाती निवडून दिल्या आहेत. दोडक्याची कोंकण हरिता, पडवळाची कोंकण श्वेता, कारल्याची कोंकण तारा या त्यांपैकीं होत. देशावरच्या बियाण्यापेक्षां यांच्यावर भरंवसा ठेवणें बरें. मांडवाखालच्या सावलींत अळू सुखानें वाढतें. पावसाळा ओसरतां ओसरतां वांगीं, मिरची व टोमॅटो यांचें रोप टाकावें आणि ऑक्टोबरांत तें लावावें. मुळा, मेथी, पालक, कोथिंबीर यांचा हातभर वाफा दर पंधरा दिवसांनीं पेरावा, आणि वाल कुंपणावर चढवावा. फेब्रुवारीपासून चवळी, लाल माठ आणि उन्हाळी भेंडी. पावसाळ्याच्या तोंडीं आदिवासी बायका डोंगरांतून शेवळें, कंटोळीं, टाकळा घेऊन विकावयास येतात. त्या रानभाज्यांचे वाफे करण्याच्या भरीस पडूं नये. त्या त्यांच्याकडूनच घ्याव्या. टाकळा तर कुंपणाशीं न पेरतांहि येतो.

जुन्या बागवानाला न पडलेली एक अडचण आतां आली आहे, ती सावलीची. वांगें, मिरची, भेंडी यांना दिवसाचें पांच-सहा तास तरी ऊन हवें. दक्षिणेस उंच इमारत असेल तर पावसाळ्यांत विशेष जाणवत नाहीं. परंतु डिसेंबरांत सूर्य दक्षिणेकडे कलला म्हणजे अर्धी बाग दुपारींहि अंधारांत राहते. तेथें हट्टानें टोमॅटो न लावतां पालेभाजी घ्यावी.

खताच्या बाबतींत ठाणें जिल्ह्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. भाताच्या रोपासाठीं राब जाळण्याची येथील रीत फार जुनी. शेण, पाला, गवत यांचे थर जमिनीवर पसरून ते उन्हाळ्यांत जाळावयाचे आणि त्या भाजलेल्या जागीं भात पेरावयाचा. या राबासाठीं जंगलांतील पाला-टहाळ तोडण्यावरून शेतकरी व जंगलखातें यांच्यांत एवढा तंटा माजला कीं, १८८५ सालीं ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठीं मुंबई सरकारास एक कमिशन नेमावें लागलें. ज्या पाल्यासाठीं एके काळीं सरकारशीं भांडण झालें, तोच पाला आज इमारतींच्या आवारांतून झाडून कोपऱ्यावर पेटविला जातो. शेजाऱ्यापाशीं तो मागितला तर कोणी नाहीं म्हणत नाहीं. उलट आभार मानतो.

आणि तो लागतोच. हेक्टरीं वीस टनांच्या प्रमाणानें दोन गुंठ्यांस एका पिकाला चारशें किलो खत हवें. घरांतील भाजीच्या देंठां-सालींतून त्याचा लहानसा अंशच निघतो. खत कुजविण्याची शास्त्रशुद्ध पद्धत इंदूर येथें आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनीं बसविली व १९३१ सालीं दोघांच्या नांवें पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. पालापाचोळा, शेण, गोमूत्रानें भिजलेली माती व राख यांचे थर द्यावयाचे, ओल पिळलेल्या फडक्याइतकी ठेवावयाची, ढीग तीन वेळां उलथावयाचा. सुमारें तीन महिन्यांत खत तयार होतें. उन्हाळ्यांत हें काम खड्ड्यांत व पावसाळ्यांत जमिनीवरच्या ढिगांत करावें, हा त्यांतील भेद कात्रपला फार महत्त्वाचा आहे. जुलैमध्यें खड्डा केला तर खत होत नाहीं, घाण होते. हद्दीवर गिरिपुष्पाचे दांडे रोवले तर कुंपणहि होतें आणि छाटणीचा हिरवा पाला ढिगास मिळतो.

ऑक्टोबरनंतर दुसरें काम सुरू होतें. वाफ्यावर वाळल्या गवताचें किंवा भाताच्या पेंढ्याचें आच्छादन घालावें आणि पाणी सकाळीं लौकर, मुळाशींच द्यावें. पन्नास चौरस मीटर छपरावरून पावसाळ्यांत लाखभर लिटर पाणी ओघळतें. तेवढी टांकी कोण बांधणार? तें खडी-वाळूच्या खड्ड्यांतून गाळून विहिरीजवळ मुरवावें, म्हणजे विहीर कांहीं आठवडे अधिक टिकते. त्यांतलें पाणी शेजाऱ्याच्या बोअरलाहि जातें, हें खरें; पण शेजाऱ्याचा पालाहि आपल्या ढिगांत आलेलाच असतो. मोरीचें पाणी साबण बेताचा असेल तर केळीस व अळवास चालतें. कोथिंबीर-मुळ्याला, म्हणजे जें कच्चें खावयाचें त्याला, तें कधींहि देऊं नये.

पाण्याच्या या शुद्धतेसाठींच कित्येकांना घरची भाजी हवीशी वाटते, आणि त्यांत कांहीं चूक नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम निघाली. पुढें तिच्याच नांवानें रेल्वेनें रुळांलगतची पडीत जमीन लागवडीस देण्याची पद्धत पाडली. हेतु चांगला होता. परंतु मुंबई-ठाणें भागांत त्या वाफ्यांना नाल्याचें पाणी दिलें जातें ही तक्रार वर्षानुवर्षें होत आली. अंबरनाथच्या शिवालयाजवळून वाहत उल्हासनगरकडे जाणाऱ्या वालधुनी नदींत कारखान्यांचें सांडपाणी मिसळत आलें आहे. अशा पाण्यांतील जड धातु पालेभाज्या पटकन्‌ शोषून घेतात, आणि धुतल्यानें ते जात नाहींत. म्हणून परसांतील विहिरीजवळून एखादें गटार जात असेल, तर तिचें पाणी तपासून घेतल्याशिवाय पालकाचा वाफा करूं नये. घरची भाजी तेवढ्यानेंच शुद्ध ठरत नाहीं.

किडींपैकीं वेलवर्गाची फळमाशी ही सर्वांत त्रासदायक. ती कोंवळ्या फळांत अंडीं घालते, अळ्या फळ पोखरतात आणि फळ गळून पडलें म्हणजे मातींत शिरून कोशांत जातात. गळलेलें फळ बागेंत तसेंच राहूं देणें म्हणजे पुढची पिढी पोसणें होय. रोज संध्याकाळीं तीं फळें वेंचून हातभर खोल पुरावीं. कामगंध सापळे टांगावे, पण सापळ्यावर विसंबून वेंचणें सोडूं नये. भेंडीचीं पानें पिवळ्या शिरांचीं झालीं तर तें झाड उपटावें. तो रोग औषधानें बरा होत नाहीं, आणि पांढरी माशी तो शेजारच्या झाडास नेते.

बीं घरचें धरावयाचें असेल तर तें संकरित नसावें; संकरिताच्या बियांतून दुसऱ्या वर्षीं काय निघेल याचा नेम नाहीं. दोडका व घोसाळें शेजारीं शेजारीं लावलें असतां त्यांचाहि संकर होऊं शकतो, म्हणून बियाण्याच्या वर्षीं दोहोंपैकीं एकच लावावें. निरोगी वेलावरील पहिलें-दुसरें फळ तोडून खावें, तिसऱ्या-चौथ्याला दोरा बांधून तें वेलावरच वाळूं द्यावें. आंतील बिया खुळखुळूं लागल्या कीं फळ उतरवावें, बिया सावलींत सुकवून राखेंत घोळाव्या, घट्ट झांकणाच्या डब्यांत भराव्या, आणि डब्यावर जातीचें नांव व साल लिहून ठेवावें.