घंटागाडी पुढे जाते कुठे?

(लातूर येथे केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



सकाळी घंटागाडीत डबा रिकामा केला की आपले कर्तव्य संपले, अशी आपली समजूत असते. ती गाडी पुढे कुठे जाते? लातूरचा कचरा वरवंटीकडे जातो, नांदेडचा तुप्पा गावाकडे. कचरा शहराचा, दुर्गंधी मात्र वेशीबाहेरच्या गावाची! पत्रकारितेच्या निमित्ताने मी अशा अनेक डेपोंवर गेलो आहे. कोणी काडी लावलेली नसतानाही ढिगातून धूर निघताना पाहिला आहे.

त्याचे कारण समजून घेतले पाहिजे. शिळे अन्न, भाजीचे देठ, फळांच्या साली यांवर थर चढत गेले की आत हवा पोहोचत नाही. हवेवाचून कुजताना जो वायू तयार होतो, त्यात सुमारे निम्मा मिथेन असतो. तो ज्वलनशील आहे. शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता तो धरून ठेवतो. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार डेपोला लागलेल्या आगीने अनेक दिवस शहराचा श्वास कोंडला होता.

हा वायू नळ्यांनी ओढून घेता येतो. ब्राझीलमधील साओ पावलो शहरात त्यापासून वीजनिर्मिती झाली. मुंबईत गोराईचा डेपो २००७ मध्ये बंद केल्यावर ढीग झाकून वायू गोळा करण्याची योजना राबवली गेली. परंतु त्यासाठी ढीग मोठा आणि नीट झाकलेला हवा. उघड्या ढिगातून बराचसा वायू आधीच निसटून गेलेला असतो. आपल्यासारख्या शहरांसाठी हा उपाय दुय्यमच.

खरा उपाय ढिगाच्या अलीकडे, आपल्या स्वयंपाकघरात आहे. आपल्या शहरांच्या कचऱ्यात साधारण निम्मा वाटा ओल्याचा असतो. तो डेपोवर न जाता बंद टाकीत कुजला, तर तोच वायू इंधन ठरतो आणि उरलेली मळी शेताला खत म्हणून मिळते. गोबरगॅस आपल्या खेड्यांना नवा नाही. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांनी खरकट्यावर चालणारे घरगुती संयंत्र घडवले, तर भाभा अणुसंशोधन केंद्राचे डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' प्रकल्प उभा केला. ज्ञान घरचेच आहे. उणीव आहे ती शिस्तीची.

ही उणीव किती महाग पडते, हे मराठवाड्याने पाहिले आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या ग्रामस्थांनी तेव्हाच्या औरंगाबादच्या कचरागाड्या अडवल्या. कचरा नव्या जागी नेताना मार्चमध्ये मिटमिट्यात दगडफेक झाली. त्या ग्रामस्थांना दोष कसा द्यावा? आपल्या दारात जे नको, ते दुसऱ्याच्या दारात टाकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

कचरा घरातच वेगळा करण्याचे बंधन २०१६ च्या नियमांनी नागरिकांवर घातले. पण कायद्याहून मोठी गोष्ट आहे ती माणुसकीची. आपण एकत्र केलेल्या कचऱ्यात हात घालून तो निवडणारी भगिनी आपल्याच समाजाची आहे. तिच्या हाताला रुतणारी काच आपल्या घरातून गेलेली असते.

ज्या लातूरने २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी मोजून वापरले, त्या लातूरला शिस्त नव्याने शिकवावी लागणार नाही. आज घरी गेल्यावर दोन डबे ठेवा. समाजसेवेचा आरंभ तेथून करू या.