निळी रेघ आणि जांभळाचे झाड
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



आपल्यापैकी अनेकांनी मंदिरात अथवा पाठशाळेत लेश्यावृक्षाचे चित्र पाहिले असेल. जांभळाचे एक झाड आणि सहा भुकेले पांथस्थ. एक थेट मुळावर घाव घालतो, कुणी फांदी तोडतो, तर सहावा केवळ गळालेली फळे वेचतो. कृष्णापासून शुक्लापर्यंतच्या सहा लेश्या अक्षरओळख नसलेल्या बालकालाही या एका चित्रातून उमगतात.

हवामानशास्त्रापुढे आज हाच प्रश्न आहे. तापमानाचे तक्ते तज्ज्ञांना कळतात, सामान्य माणूस त्यांपाशी थबकतो. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाचे शास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी २०१८ मध्ये त्यावर चित्राचा मार्ग शोधला. प्रत्येक वर्षासाठी एक उभा पट्टा. सरासरीहून थंड वर्ष निळे, उष्ण वर्ष तांबडे. डावीकडची निळाई उजवीकडे येता येता गडद तांबडी होते आणि पृथ्वीचा वाढता ताप आकड्यांवाचून डोळ्यांना दिसतो.

कोपरीकरांना हा विषय परका नाही. आपल्या शेजारच्या ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांचे अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये रामसर यादीत समाविष्ट झाले. २६ जुलै २००५ चा पाऊसही आपण विसरलेलो नाही. त्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या एका दिवसाचा सारा दोष तापमानवाढीवर ठेवणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु हवा एका अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धारण करण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते आणि अतिवृष्टीला बळ मिळते, हे निश्चित.

९४४ हा आकडा ऐकून मुलांना काहीच वाटत नाही. म्हणून माझी नम्र सूचना अशी की, पाठशाळेच्या भिंतीवर जमिनीपासून ९४४ मिलिमीटर उंचीवर एक निळी रेघ ओढावी. आठ वर्षांचे मूल तिच्याशेजारी उभे राहिले, तर ती त्याच्या छातीपर्यंत येईल. रेघेखाली मुलांनीच खाडी, तिवरे आणि रोहित पक्षी रंगवावेत. शेजारी लेश्यावृक्ष असावा.

कारण केवळ भय दाखवून चित्राने थांबू नये. सहावा पांथस्थही भुकेलाच होता. त्यानेही फळे खाल्ली, परंतु झाड राखले. वीज, पाणी, वाहन वापरताना आपण त्या सहांपैकी कोणाच्या जागी उभे आहोत, हे प्रत्येकाने त्या भिंतीसमोर स्वतःस विचारावे, एवढीच विनंती.

जय जिनेंद्र.